समुद्राचा पाहणी दौरा

दुष्काळ पडला की मराठवाड्यात पथकं येतात. गाड्यांचा ताफा बांधाशी थांबतो, साहेब उतरतात, कपाशीचं वाळलेलं बोंड दोन बोटांत धरून चुरतात, विहिरीत वाकून बघतात आणि ऊन चढायच्या आत पुढच्या गावाला निघतात. पाणी नसलेला मुलूख कसा दिसतो हे बघायला बाहेरची माणसं वर्षानुवर्षं आपल्याकडे येत आली आहेत. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरचं एखादं कुटुंब चारशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकत मुरूडला नाहीतर श्रीवर्धनला जातं, तेव्हा त्याला नुसतं सहल म्हणणं म्हणजे त्या कष्टांचा अपमान आहे. ती परतफेडीची पाहणी असते. पाणी असलेला मुलूख कसा दिसतो, एवढं पाणी तिथे दिवसभर नेमकं करतं काय, आणि त्यातलं आपल्या हिश्श्याचं किती, याची चौकशी करायला हे पथक निघालेलं असतं. समुद्रकाठचं टुमदार गाव बघण्याची हीच खरी रीत आहे, आणि ती मराठवाड्याच्या माणसाइतकी दुसऱ्या कोणाला साधत नाही, असं माझं म्हणणं आहे. मुंबईकराला समुद्र घरचाच. तो अलिबागला जातो तो गर्दी बदलायला. पुणेकराला समुद्रापेक्षा समुद्राकडे जाणाऱ्या घाटाचं कौतुक जास्त. खुद्द पाणी बघायला जातो तो संभाजीनगरकर.

पाण्याची त्याला पारख आहे, कारण त्याचं सगळं आयुष्य पाण्याच्या हिशेबात गेलेलं असतं. नळाला पाणी कोणत्या वारी येणार यावर त्याचं धुणं, पाहुणे आणि क्वचित लग्नाची तारीखसुद्धा ठरते. जिवंत साठा, मृत साठा, दलघमी, आवक, विसर्ग हे शब्द इतर गावांत पाटबंधारे खात्याचे असतील. इथे ते चहाच्या टपरीवरचे आहेत. जायकवाडी किती टक्के झालं हे इथली पोरं क्रिकेटच्या धावसंख्येसारखं सांगतात. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे समन्यायी वाटपाचं गणित शाळेत सहामाहीला नापास झालेल्यालाही तोंडपाठ असतं. असा माणूस पहिल्यांदा समुद्रापुढे उभा राहिला की त्याच्या तोंडून जे निघतं त्याला लोक हसतात. ‘एवढं पाणी हाय, अन् कामाचं नाही!’ हसण्यासारखं त्यात काही नाही. ते तांत्रिक निरीक्षण आहे. आपल्या धरणांना मृत साठ्याच्या वर थोडा तरी जिवंत साठा असतो. समुद्र हा शंभर टक्के मृत साठा आहे, हे एका नजरेत ओळखणारा पर्यटक जगात दुसरा कुठला?

कोणी म्हणेल, मग इतक्या लांब जायचं कशाला? पैठणला नाथसागर, जायकवाडीचाच जलाशय, आहे की. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालेली, धरण १९७६ साली पुरं झालेलं, भिंत दहा किलोमीटरची, आणि भरल्या वर्षी पलीकडचा काठ डोळ्यांना लागत नाही. (जायकवाडी नावाचं मूळ गाव खाली बीड जिल्ह्यात राहिलं आणि धरण पैठणला झालं. पाणी इथे वरून सोडून घ्यावं लागलं तरी धरणाचं नाव मात्र खालून आणता येतं, एवढं समाधान.) आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण नाथसागराकडे नुसतं बघता येत नाही, ही त्यातली मेख आहे. कितीही सुंदर सूर्यास्त असो, नजर आधी पाण्याच्या रेषेकडे जाते आणि डोक्यात टक्केवारी सुरू होते. एवढ्यात जूनपर्यंत निभेल का? वरच्यांनी सोडलं का? समुद्र हा असा एकच जलाशय आहे की ज्याला टक्केवारी नाही. तो ६५ टक्के भरला का, असं कोणी विचारत नाही, आणि त्याच्या वरच्या अंगाला धरण बांधून बसलेला कोणी शेजारी नाही. त्यातून त्याचं वेळापत्रक! दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकणारी आणि कित्येक वर्षं आधी छापून ठेवता येणारी. मोर्चा नाही, निवेदन नाही, रिकामे हंडे घेऊन कचेरीपुढे ठिय्या नाही. वेळ झाली की पाणी येतं. लाटांवर कविता पुष्कळांनी केल्या, पण समुद्राच्या वक्तशीरपणाने डोळे भरून येणारा माणूस आठ-आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्या शहरातच जन्माला येऊ शकतो.

शिवाय त्याचं समुद्राशी जुनं देणंघेणं आहे. प्रत्येक निवडणुकीत त्याने ऐकलेलं असतं की पाणी ‘समुद्रात वाहून जातं’. पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी अडवून, उचलून, सह्याद्री ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात आणणार, ही घोषणा त्याने वडिलांच्या मांडीवर ऐकली आणि आता नातवाला मांडीवर घेऊन ऐकतो आहे. समुद्र म्हणजे पाणी वाया जाण्याची सरकारमान्य जागा, अशी त्याची समजूत झालेली असते. ती जागा एकदा डोळ्यांनी बघून यावी असं वाटणं स्वाभाविक आहे. चोरीला गेलेली मोटरसायकल कुठल्या गल्लीत लावली आहे हे कळलं तर माणूस तिकडून एक चक्कर मारतोच. खरा व्यवहार मात्र नेमका उलटा आहे. आपली गोदावरी पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणजे अरबी समुद्राने तिच्यातला एक तांब्याही घेतलेला नाही. उलट नैऋत्य मोसमी वारे जे बाष्प आणतात ते त्याच्याकडूनच. ते सह्याद्रीला धडकतात, कोकणावर तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततात आणि डोंगर चढून आपल्याकडे पोचेपर्यंत त्यांच्या झोळीत खडखडाट झालेला असतो. मधल्यामध्ये खाणारा सह्याद्री. समुद्र मुळातून पूर्ण रक्कम पाठवतो; ती वाटेत मुरते. ही गोष्ट मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण इतर योजनांतून त्याचा अनुभव दांडगा असतो. त्यामुळे मुरूडच्या वाळूत उभा राहून तो समुद्राकडे बघतो ते थेट मंत्रालयातल्या मूळ फायलीकडे बघावं तसं.

अलीकडे ऐपतदार मंडळी कोकणाच्याही पुढे, मॉरिशस किंवा तसल्या ‘उष्णकटिबंधीय बेटा’वर जाऊ लागली आहेत. सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकात हा शब्द निळ्या अक्षरांत असतो. आता उष्णकटिबंध म्हणाल तर छत्रपती संभाजीनगर त्यातच आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे २० अंशांवर. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली सुमारे २० अंशांवर. नकाशा विषुववृत्तावर घडी घालून मिटला तर अक्षांशापुरतं ते बेट आपल्याच ओळीत येऊन बसेल. आपल्यातल्या ‘उष्ण’ला मात्र कोणी निळी अक्षरं देत नाही. त्याहून गंमत दगडाची. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटात जो तप्त बिंदू आहे, त्याच्यावरून भारताचा तुकडा सरकत जात असताना साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा ओतला गेला आणि दख्खनचं पठार झालं. वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलं तो काळा पाषाण तो. पुढे त्याच बिंदूने, अवघ्या ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर काढलं. म्हणजे विमानाचं तिकीट काढून लोक बघायला जातात ते आपल्या दगडाचं धाकटं भावंड. थोरल्याच्या अंगावर कैलास आला आणि धाकट्याच्या वाट्याला किनारा, एवढीच काय ती वाटणीतली तफावत. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांत राबायला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही गणपती बसवतात, तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोरड्या वर्षी तिथेही नळाच्या वेळा कमी होतात. ऊस, गणपती आणि पाणीकपात. घरून निघाल्यासारखं वाटावं तरी कसं!

‘पण समुद्र ही काही तुमची परंपरा नव्हे,’ असं किनाऱ्यावरचे लोक नाक वर करून म्हणतात. परंपरेचं बोलायचं तर कागद आमच्याकडे आहेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी ग्रंथात पैठणचं नाव आहे. भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर ते आहे आणि तिथला माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदरात येतो, अशी त्यात नोंद आहे. दोन हजार वर्षांत दिवस कमी झाले. रस्त्याविषयीचा शेरा कुठे कुठे अजून लागू आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, माठांनी भरलेलं. समुद्रापासून इतक्या लांब डोंगराच्या पोटात जहाज काढणारा चित्रकार माठ विसरला नाही, यावरून तो इथलाच असावा असा माझा संशय आहे: समुद्रातही पिण्याचं पाणी घरून न्यायचं असतं, हे इथल्याच माणसाला सुचणार. आणि बीबी-का-मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांत, सातव्या लेण्याच्या दाराशी, आठ संकटांतून भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. आग आहे, साप आहे, हत्ती आहे, आणि त्यात एक संकट जहाज फुटण्याचं आहे. ज्या डोंगरावर माणूस बुडायचा म्हटलं तर आधी टँकर मागवावा लागेल, तिथे बुडण्यापासून वाचवणारा देव दगडात उभा करून ठेवला आहे. त्याच्यापुढे हात जोडणारे व्यापारी समुद्रावर जातच होते, एवढा याचा साधा अर्थ. तेव्हा पर्यटनाच्या आधी दीड हजार वर्षं आपला विमा उतरवलेला आहे.

या सगळ्याची गाठ जिथे पडते ते ठिकाण म्हणजे मुरूडजवळचं राजपुरी. नारळी-पोफळीच्या वाड्या, उतरत्या कौलांची घरं, कोळ्यांच्या होड्या, आणि समोर पाण्यात उभा जंजिरा. जंजिरा हा शब्दच अरबीतल्या जझीरावरून आला, म्हणजे बेट. त्यामुळे ‘जंजिरा बेट’ म्हणणारा माणूस ‘बेट बेट’ म्हणत असतो, पण होडीत बसल्यावर दोनदा म्हटलेलं बरं असतं. किल्ला हबशी सिद्दींचा. आता संभाजीनगरकराने इथे जरा सावरून बसावं. त्याचं शहर १६१० साली खडकी म्हणून वसवलं ते मलिक अंबरने, आणि तोही हबशीच. समुद्रापलीकडच्या आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, अरबस्तानातून दख्खनेत आलेला आणि निजामशाहीचा कर्ता झालेला हा माणूस. ज्या शहराला समुद्र नाही त्याचा संस्थापक समुद्रावरून आला, आणि आल्यावर त्याने केलेलं मोठं काम म्हणजे नहर-ए-अंबरी, जमिनीखालून उताराने शहरात पाणी खेळवणारी योजना. खाऱ्या पाण्यावरून आलेल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत असते. त्याने कुठलाही टप्पा दुसरा, टप्पा तिसरा जाहीर न करता पाणी आणलं, हे त्याच्या कबरीसमोर खुलताबादला उभं राहून अवश्य आठवावं. गाठीचं दुसरं टोक असं की ज्या छत्रपती संभाजी महाराजांचं नाव आज शहराला आहे, त्यांनी १६८२ साली याच जंजिऱ्यापर्यंत समुद्रात दगड टाकत सेतू बांधायला घेतला होता. खाडी भरून काढून किल्ला गाठायचा, असा तो अचाट बेत. तो अर्धा राहिला, कारण मोगली फौजा कल्याणच्या बाजूला उतरल्या आणि महाराजांना तिकडे वळावं लागलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपूरहून येऊन तळ देऊन बसला होता तो कुठे? आपल्याच गावात. संस्थापक, शहराला आज ज्यांचं नाव आहे ते राजे आणि मधली काही शतकं ज्याचं नाव पाटीवर होतं तो बादशहा, तिघांचेही धागे चारशे किलोमीटरवरच्या एका समुद्रकाठच्या खेड्यात एकमेकांत अडकलेले आहेत. राजपुरीच्या धक्क्यावर तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुंबईकराला हा किल्ला इतिहासाच्या पुस्तकातला वाटतो. संभाजीनगरकराला तो घरच्या भांडणातला साक्षीदार वाटला पाहिजे.

आता गंभीर आक्षेप, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. संभाजीनगरचा पर्यटक समुद्रकाठी नीट वागत नाही, असं म्हणतात. ओल्या वाळूत गाडी घालतो आणि मग ती काढायला गावची बैलं किंवा ट्रॅक्टर शोधतो. जेवायच्या वेळी सोलकढीकडे संशयाने बघतो आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढतो. तांदळाची भाकरी समोर आली की ज्वारीची नाही का, असं विचारतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ‘आता काय करायचं?’ या प्रश्नाने सगळं कुटुंब ग्रासलेलं असतं. गाडीबद्दल बचाव नाही. वाळूत गाडी घालणारा कुठल्याही जिल्ह्याचा असो, ती भरतीच्या पाण्यात तासभर ठेवूनच परत द्यावी. चटणीबद्दल मात्र तडजोड नाही. ज्याने आयुष्यभर बाहेरगावी पाण्याची बाटलीसुद्धा घरून नेली, त्याने चटणी नेली तर ती परिस्थितीने लावलेली शिस्त समजावी. आणि कंटाळा? कंटाळा हीच पाहणीच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. समुद्र तासन्‌तास बघून न कंटाळणारी माणसं बहुधा समुद्र बघतच नसतात, मोबाइलमध्ये समुद्राबरोबर स्वतःला बघत असतात. याने समुद्र पाहिला, मोजता येईल तेवढा मोजला, खारट आहे याची बोट बुडवून खात्री केली, लाट पायाखालची वाळू ओढते त्याची नोंद घेतली, आणि काम संपलं. आपल्याकडे आलेल्या कुठल्या पथकाने दुष्काळाला इतका वेळ दिला?

सगळ्यात वजनदार आक्षेप त्या गावाचा स्वतःचा आहे, आणि तो गाव बहुधा तोंडाने बोलत नाही. तुम्ही ज्याला टुमदार म्हणता त्या कौलांतून पावसाळ्यात पाणी गळतं, होडी पहाटे अंधारात लोटावी लागते, मासळी मिळेल याची हमी नसते, आणि तुम्ही आल्यापासून बाजारात सुरमई आम्हालाच परवडत नाही. हे खरं आहे. टुमदारपणा हा नेहमी पाहुण्याच्या गाडीतून येतो आणि त्याच गाडीतून परत जातो. पण हे कळायला संभाजीनगरकरासारखा लायक माणूस नाही, कारण तो स्वतः ‘टुमदार’चा यजमान आहे. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून दुनियाभरचे लोक त्याच्या दारावरून ‘वा! वा!’ करत जातात, आणि तो मात्र पाहुणे आल्याशिवाय लेण्यांकडे फिरकत नाही. दुसऱ्याच्या कौतुकाची वस्तू होऊन जगणं म्हणजे काय, ते त्याला कळतं. म्हणून मुरूडच्या वाटेवर मे महिन्यात एखाद्या वाडीत विहिरीवर हंड्यांची रांग दिसली की बाकीचे पर्यटक खिडकीतून ‘किती छान, अगदी जुन्या काळासारखं’ म्हणतात, आणि आपला माणूस गाडीचा वेग कमी करून विचारतो, ‘किती फुटांवर लागलं पाणी?’ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणात उन्हाळ्यात टँकर लागतात, हे ऐकून त्याला जो धक्का बसतो त्यात दुःख निम्मं आणि आपुलकी निम्मी असते. सगळा पाऊस उतारावरून दोन दिवसांत खाली गेला, अडवला नाही, साठवला नाही. कुठे? समुद्रात. निवडणुकीतलं ते वाक्य इथे पहिल्यांदाच खरं ठरतं, आणि तेही ज्यांच्या वाट्याचं पाणी आपल्याकडे आणायच्या घोषणा होतात त्यांच्याच बाबतीत.

म्हणून जंजिऱ्यात होडीने उतरल्यावर तोफा, बुरूज आणि दारावरचा हत्ती दाबून धरणारा सिंह बघून झाला की एक गोष्ट चुकवू नका. किल्ल्याच्या आत, चारी बाजूंनी खारा समुद्र असताना, गोड्या पाण्याचे दगडी तलाव बांधलेले आहेत. मार्गदर्शक कलालबांगडी तोफेचा पल्ला सांगण्यात गुंग असतात. तलाव त्यांच्या बोलण्यात उभ्या-उभ्या येऊन जातो. आपल्या पथकाने पाहणी करायची ती याची. पायऱ्यांवर उभं राहावं, पाण्याची पातळी बघावी, आणि वेढा पडल्यावर किल्ला कशाच्या जोरावर उभा राहिला याचा आपल्या पद्धतीने अंदाज बांधावा: इतकी माणसं, इतके महिने, माणशी इतके हंडे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, राजपुरीच्या होड्या बंद असतात. तेव्हा जायचं ते दिवाळीनंतर. आणि निघायच्या आधी घरी नळाचा वार कोणता ते बघून घ्या, नाहीतर समुद्र बघून याल आणि पुढचा आठवडा शेजाऱ्याकडून कळशी मागत काढाल.